आबा, ती चिंच नव्हती

आबा, तुमची शोकसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. सतरंजी अंथरली होती. खुर्च्या तीनच होत्या आणि त्यांवर बसायला पात्र माणसं सात, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं "तुम्ही बसा, तुम्ही बसा" यातच गेली. मग अध्यक्षांनी तुम्हाला काळ्या आईचे थोर सुपुत्र म्हटलं. दुसऱ्या वक्त्यांनी कृषितपस्वी म्हटलं. तिसऱ्यांना पुढच्या गावी जायची घाई होती, त्यांनी तुमच्याऐवजी तुमच्या थोरल्या भावाचं नाव घेऊन त्यांच्या आत्म्याला शांती चिंतली. भाऊ समोर सतरंजीवरच बसले होते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. तुम्ही असतात तर उपरणं तोंडावर धरून खोकल्याचं निमित्त केलं असतंत, हे मला एवढं स्पष्ट दिसलं की मी मागे वळून पाहिलं.

मलाही बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. बाईंना गहिवरून आलं, असं लोक म्हणाले. ते काही अगदी खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्हाला सांगायचं होतं ते एवढ्या लोकांसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या माघात तुम्ही तापातून उठत होतात, तेव्हा मी वाढलेली आमटी तुम्ही दोन वाट्या प्यालात. आठ दिवसांत पहिल्यांदा तुमच्या पोटात अन्न गेलं. तुम्ही मला विचारलंत, चिंच कुठली? मी म्हणाले, घोडेगावची. आबा, ती चिंच नव्हती. ते टोमॅटो होते. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून जी वस्तू तुम्ही ओठाला लावली नव्हती, ती मी तुम्हाला फसवून खाऊ घातली. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तुम्हाला ठाऊक असलेलं पुन्हा ऐकायला तुमची कधी हरकत नसे.

मी या गावच्या शाळेत बदलून आले तेव्हा मला मिळालेल्या दोन खोल्यांच्या मागे मोकळं परसू होतं आणि परसात तुमच्या आजोबांच्या वेळचा कडुलिंब. पलीकडे शेराच्या झुडपांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे तुमचा मळा. मी नगरच्या चाळीत वाढलेली. माती कुंडीत असते एवढीच माझी समजूत. पण पुस्तकं पुष्कळ वाचलेली, त्यामुळे आत्मविश्वास होता. एका जुन्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकावरून मी टोमॅटोची रोपं केली. त्यात लिहिलं होतं की टोमॅटोला मिळेल तेवढं ऊन द्या. मी बाहेर पाहिलं. फाल्गुनातलं ऊन पत्र्यावर वाजत होतं. पुस्तकाच्या लेखकाने आयुष्यात ऊन पाहिलेलंच नसावं असं ठरवून मी वीस रोपं लिंबाच्या बुंध्याजवळ, गार सावलीत, एकमेकांना चिकटून लावली. मला त्यांची दया आली होती.

महिन्याभरात ती माझ्या कमरेएवढी झाली. लांब, फिकट, मान टाकलेली, मॅट्रिकच्या वर्गातल्या मागच्या बाकांसारखी. फूल एक नाही. तेव्हा कुंपणावरून पहिल्यांदा तुमचा आवाज आला.

"काय लावलंय, बाई?"

"टोमॅटो."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी. दुसरं कोण आहे इथे?"

"मग आसं अंधारात का ठिवलंय? लपवून खायचंत का?"

मी तुम्हाला पुस्तकातलं, माझ्या दयेचं, फाल्गुनाचं असं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "पुस्तकवाला खोटं बोलत न्हाई. त्याचं ऊन येगळं, आपलं येगळं. पर तुमी दोगांनीबी सावली कुठं जाती ती बघितली न्हाई."

सावली कुठे जाते, हा प्रश्न मला त्या वयापर्यंत कोणी विचारला नव्हता. पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही घमेलंभर चुलीची राख घेऊन आलात. मी घड्याळ ओट्यावर आणून ठेवलं, दर तासाला नोंद करायची म्हणून. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. तंबाखूची चिमूट दाढेत धरलीत, आणि ती संपली की उठून सावलीच्या कडेकडेने राखेची रेघ ओढत गेलात. माझे तास आणि तुमच्या चिमटी यांचा काही मेळ नव्हता. मधे तुम्ही जरा आडवे झालात तेव्हा एक रेघ चुकली, ती मी ओढली, तर उठल्यावर म्हणालात, "ही कुनी वाकडी केली?"

तो दिवस मला अजून पूर्ण आठवतो, आणि त्यात काही घडलं नाही. पाटाला पाणी होतं, त्याचा आवाज येत होता की नव्हता असा. कारखान्याकडून मळीचा वास वाऱ्यावर येऊन जात होता. लिंबाची सावली परसाच्या पश्चिमेच्या भिंतीवरून खाली उतरली, बुंध्याभोवती गोळा होऊन बसली, मग उठून कुंपणाकडे चालायला लागली. तुम्ही तिच्या मागे राख घेऊन. एवढ्या हळू चालणाऱ्या वस्तूच्या मागे कोणी एवढ्या बेताने चालताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्या जमिनीवर राखाडी रेघांची जाळी झाली. कुठल्या तरी जुन्या देशाचा नकाशा असावा तशी.

तुम्ही मला तो नकाशा वाचून दाखवलात. पूर्वेच्या बाजूची ही पट्टी, जिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन आहे आणि दुपार कलल्यावर सावली येते, ती उन्हाळी टोमॅटोची. हिवाळ्यात लावाल तेव्हा आणखी पुढे, उघड्यावर. बुंध्याभोवती, जिथे सगळ्या रेघा एकमेकींवर पडल्या आहेत, तिथे फळाची आशा करू नका. "तितं पानाचं लावा. फळाला ऊन लागतं, पानाला सावली बी चालती."

मग मी सगळं तुमच्याकडूनच शिकले. बी गादीवाफ्यावर ओळीत टाकायचं, दाट नाही. रोप वीतभर झालं, चार-पाच पानं आली, की संध्याकाळी लावायचं, सकाळी नाही, म्हणजे त्याला पहिली रात्र गारव्यात मिळते. खालची पानं खुडून देठ निम्म्यापर्यंत मातीत पुरायचा, कारण टोमॅटोचा देठ मातीला लागला की त्यालाच मुळं फुटतात. दोन रोपांत दीड हात अंतर. गेल्या साली जिथे वांगं किंवा मिरची होती तिथे लावायचं नाही, एका घरची दुखणी एकमेकांना लागतात. काठी रोप लावतानाच रोवायची, नंतर रोवली तर मुळात घुसते. सुतळीने बांधायचं नाही, जुन्या धोतराची चिंधी घ्यायची, आणि गाठ काठीला घट्ट, झाडाला सैल.

पाणी पानावर नाही, बुडाशी. आणि नेमाने. हे तुम्ही मला दहादा सांगितलंत, कारण माझं पाणी शाळेच्या वेळापत्रकावर असे. परीक्षा आल्या की चार दिवस विसरायचं आणि मग एकदम बादल्या ओतायच्या. फळं तडकली तेव्हा मी रोगाचं नाव शोधायला पुस्तक काढलं. तुम्ही म्हणालात, "रोग न्हाई, बाई. चार दिस उपाशी ठिवून पाचव्या दिशी लाडू वाढलं, तर कुनाचं बी प्वाट फुटंल." बुडाशी उसाचं पाचट पसरायला तुम्हीच शिकवलंत. गावात ते फडातच जाळत असत, आणि तुम्ही ते डोक्यावर आणून माझ्या परसात टाकायचात. माती त्याखाली दुपारीसुद्धा गार लागायची. मी कधी कधी नुसता हात घालून बसत असे.

एकदा मी युरिया आणला. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी युरिया होता. मूठ मूठ टाकला. झाडं काळीभोर, दांडगी झाली आणि फळ धरेना. तुम्ही झाडाभोवती फिरून म्हणालात, "झालं. अध्यक्ष झाली." त्या वर्षी वनमहोत्सवाला अध्यक्षांनी शाळेच्या आवारात रोप लावलं होतं, आदल्या दोन्ही वर्षी ज्या खड्ड्यात लावलं त्याच खड्ड्यात. फोटोही त्याच जागेवरून निघाला.

बुंध्याभोवतीची जागा भरायला दोन वर्षं लागली. मी तिथे पहार घेऊन गेले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "मुळं तोडू नका. त्येचं घर हाय, आपन भाड्यानं ऱ्हातोय." म्हणून खणायचं नाही, वरून भर घालायची. पालापाचोळा, शेणखत, पाटातला गाळ, असं वीतभर. लिंब सगळं पाणी पिऊन टाकतो, म्हणून सावलीतल्या झाडाला ऊन नसलं तरी तहान असते, हेही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं सावली म्हणजे ओल. मोरीचं पाणी जिथे येतं तिथे तुम्ही अळू लावलंत. त्याच्यापुढे हळद, आलं. कडेने गवती चहा, तो जरा उन्हाकडे सरकवून. पुदिना मी लावला आणि तो सगळीकडे गेला. "ह्ये एक इंग्रज आनलंत तुमी," असं तुम्ही म्हणालात, आणि जाताना रोज मूठभर खुडून नेत होतात.

आणि वाद तर होताच. तुम्ही मला टोमॅटो शिकवलेत, तुमच्या स्वतःच्या मळ्यात दोन वाफे टोमॅटो असायचे, बेलापूरच्या बाजारात ते पाट्यांनी जायचे, पण तुम्ही स्वतः तो खात नव्हतात.

"आमच्यात चालत न्हाई. तांबडं, रसाळ, कापलं की रगत. माळकऱ्याला न्हाई चालत."

"गाजर?"

"न्हाई."

"मसूर?"

"न्हाई."

"आणि विकायला चालतं? दुसऱ्याने पाप केलं की चालतं?"

"बाई, शाळेत तुमी पोरांना जे शिकवता, ते समदं तुमी पाळता का?"

मी पाळत नव्हते, त्यामुळे त्या दिवशीचा वाद तिथे संपला. पण दुसऱ्या दिवशी मी नवा मुद्दा घेऊन कुंपणाशी हजर. तुमची मजा अशी की तुम्ही कधी रागावला नाहीत आणि कधी हललाही नाहीत. मी तुम्हाला सांगितलं, हे झाड परदेशातून आलं, तुमच्या संतांच्या वेळी इथे कोणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं, मग त्यांनी मना कुठून केलं? तुम्ही म्हणालात, "त्येंनी न्हाई केलं. माझ्या आईनं केलं." आईवर कुठलं पुस्तक आणायचं? मी देव मानत नाही, नवस मानत नाही, आणि माझ्या मनात हे पक्कं होतं की एक दिवस तुम्ही टोमॅटो खाल आणि म्हणाल, बाई, तुमचं खरं होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढच्या गोष्टीत मी नर्ससारखी दिसेन आणि मी तशी नव्हते.

मग दुष्काळाचं साल आलं. पाट कोरडा पडला, तुमची विहीर तळाला गेली. तुम्ही एक बैल विकलात. माझे टोमॅटो गेले. पूर्वेच्या पट्टीतली चार झाडं तेवढी पाचटाखाली तग धरून होती, माझ्या आंघोळीच्या पाण्यावर. पण बुंध्याभोवतीची बाग जगली. सगळं गाव पांढरं झालं होतं, जमिनीकडे पाहिलं की डोळे दिपत, आणि त्या लिंबाखाली हळदीची पानं होती, पिवळी पडत चाललेली, पण पानं. दुपारी तुम्ही यायचात. लोटाभर पाणी मी अळूच्या बुडाशी ओतायची, तेव्हा मातीचा वास उठायचा, आणि आपण दोघं तो संपेपर्यंत बसायचो. त्या दिवसांत मला कधी कधी वाटे की बाहेरचं सगळं कोणाला तरी पडलेलं स्वप्न आहे आणि जाग फक्त एवढ्या गोल सावलीत आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ऊन लागलं बाईंना.

माघात तुम्हाला ताप आला. आठ दिवस. उतरला तरी तुम्ही खाईनात. तुमची सून सुमन पेज घेऊन बसायची, तुम्ही तोंड फिरवायचात. ती माझ्याकडे आली, रडकुंडीला. "बाई, तुमचं आइकत्यात. कायतरी घाला त्यांच्या पोटात." त्या चार झाडांवर पाच-सहा टोमॅटो पिकले होते. मी ते उकडले, फडक्यातून गाळले, साल नाही, बी नाही. तुरीचं वरण, गूळ, गोडा मसाला सढळ हाताने, म्हणजे रंग झाकला जावा. चिंचेची बरणी फळीवर होती, आबा. भरलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि घेतली नाही.

तुम्ही प्यालात. पहिला घोट, मग दुसरा, मग वाटी दोन्ही हातांत धरलीत. कपाळाला घाम आला. "आजून हाय का?" सुमनने पदर डोळ्याला लावला. मला तुमचं पोट भरल्याचा आनंद झाला. तो खरा होता. पण त्याच्या शेजारीच दुसरा आनंद बसला होता, वाद जिंकल्याचा, आणि खरं सांगायचं तर तो मोठा होता. तुम्ही विचारलंत, "चिंच कुठली म्हनायची ही?" तेव्हाच सांगायचं होतं. माझ्या तोंडातून घोडेगाव निघालं. का, ते माहीत नाही. बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला मी चिंचेसाठी प्रसिद्ध केलं.

शिक्षा लगेच सुरू झाली. तुम्ही घोडेगावच्या चिंचेची कीर्ती गावभर केलीत. पारावर सांगितलीत. सुमन म्हणाली, मलाबी थोडी द्या. मी संपली म्हणाले. पुढे पाऊस झाला, विकलेल्या बैलाच्या जागी दुसरा घ्यायला तुम्ही मुलाला घेऊन घोडेगावला गेलात. तुमच्या मुलाने परत आल्यावर सांगितलं ते मला अजून ऐकू येतं: "बाई, लोक बैलाचं दात बघत हुतं आन् आमचा म्हातारा चिंचा हुंगत फिरत हुता." तुम्ही माझ्यासाठी दोन शेर आणली होतीत, धोतराच्या फडक्यात बांधून. माझ्या पायरीवर बसून तुम्ही ती सोडलीत, एक बोटूक तोंडात टाकलंत, आणि बराच वेळ चघळलंत.

"न्हाई," म्हणालात. "ही ती न्हाई. तुमाला कुनी दिल्ती?"

"आठवत नाही, आबा."

"आठवा. सावकाश आठवा."

आश्विनात मी ठरवलं, सांगायचंच. आपण रोपं लावत होतो. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आदी हातातलं रोप लावा. मुळं उघडी ठिवून बोलू नये." मी लावलं. देठ निम्म्यापर्यंत पुरला, माती दाबली, पाणी घातलं, काठी रोवली, चिंधी बांधली. तोवर धीर गेला होता. "हां, काय म्हनत हुता?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, यंदा अंतर जरा जास्त ठेवू या का?

मार्गशीर्षात तुम्ही पुन्हा आजारी पडलात, आणि या वेळी पाहिल्याबरोबर कळलं. सुमन कुंपणापाशी आली. उभी राहिली. "बाई, ती घोडेगावच्या चिंचेची आमटी मागत्यात. दुसरं काईच नगं म्हनत्यात."

आश्विनात लावलेली झाडं भरात होती. मी पदरात सहा टोमॅटो तोडून घरात आणले. फळीवर चिंचेची बरणी होती. चूल पेटलेली, डाळ शिजलेली, आणि मी टोमॅटो आणि बरणी यांच्या मधे उभी. टोमॅटो घालावे तर मरणाऱ्या माणसाचं व्रत मी दुसऱ्यांदा, आणि या वेळी कसलीही सबब नसताना, मोडणार. आधी जाऊन सांगावं तर शेवटच्या दिवसांत तुमच्या मनाला घोर लावणार. मी चिंच कोळली. तुमचा मान राखते आहे असं मी स्वतःला सांगितलं. एखाद्या प्रस्तावावर दोन्ही बाजूंनी विचार करून सभेने ठराव तहकूब करावा तसं झालं ते, पण त्या वेळी मला ते फार थोर वाटलं.

तुम्ही एक चमचा घेतलात. जिभेवर धरलात. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तुम्ही माझ्याकडे.

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "ही ती न्हाई." मग माझा चेहरा बघून असेल, "ऱ्हाऊ द्या. चांगली झालीय." पुढचा चमचा घेतला नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

परवा दुपारी माझा लिंबाखाली डोळा लागला. तुम्ही राखेचं घमेलं घेऊन सावलीच्या मागे चाललेले दिसलात. सावली कुंपणातून पलीकडे गेली, तुम्हीही गेलात, पाट ओलांडलात, उसातून पुढे. रेघ मात्र दिसत होती. मी हाक मारली नाही. तुम्ही मागे वळून पाहिलं असतंत तर काय बोलायचं ते मला स्वप्नातही ठरवता आलं नाही.

तुमचं तेरावं झाल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं. तुम्हाला सांगू शकले नाही, तर निदान तुमच्या घरात कोणाला तरी. पहिल्या वाटीपासून शेवटच्या चमच्यापर्यंत. ती भांडी घासत होती. मला वाटलं ती म्हणेल, बाई, तुम्ही बाटवलंत त्यांना. त्याची माझी तयारी होती. उत्तरं नाहीत, पण तयारी होती.

तिचे हात थांबले. "म्हंजी," ती म्हणाली, "तुमास्नी म्हाईत हुतं त्यांना काय पायजे ते. टमाटे हुते घरात."

"हो."

"आन् तुमी चिंच घातली."

"त्यांचं व्रत, सुमन..."

"म्हातारा तीन दिस त्या एका घासासाठी तोंड उघडं ठिवून हुता. मी बघत हुते. तुमी घरी गेला." आणि ती पुन्हा भांड्याला राख लावायला लागली.

पंधरा दिवस ती बोलली नाही. कुंपणापलीकडे तुमच्या वाफ्यांना पाणी द्यायची, मी इकडे माझ्या. एकमेकींच्या बादल्यांचा आवाज ऐकू यायचा. मी तुम्हाला काय काय शिकवू पाहत होते, आणि मला त्या घरात तोंड वर करून बघता येईना. तुम्ही असतात तर मधे पडला असतात. तुम्ही नसल्यामुळेच हे सगळं होतं.

आज सकाळी ती पायरीपाशी आली. बसली नाही. म्हणाली, "रविवारी महिन्याचा निवद दाखवायचा हाय. ती आमटी मला शिकवा."

मला कळेना. "कुठली?"

"त्यांना आवडली ती. त्यांच्या पानात वाढायची हाय."

आबा, मी जन्मभर सांगत आले की मेलेल्या माणसाला भूक नसते, पानं वाढणं हा जिवंतांचा खेळ आहे. आणि त्या पायरीवर मीच घाबरून म्हणाले, "अगं, पण ते माळकरी होते. नैवेद्याच्या पानात टोमॅटो? भाऊ काय म्हणतील? लोक काय म्हणतील?"

"माळ त्यांच्यासंगं गेली," सुमन म्हणाली. "व्रत जित्या मानसाला आसतंय, बाई. आता खाऊ द्या की त्यांना."

मी तिला आत बोलावलं आणि आधी फडकं दाखवलं, ज्यातून गाळायचं ते. ती म्हणाली, गाळायचं कशाला? लपवायचं कुनापासनं? सालासकट घालू.